कोल्हापुरी चपलेचा बॉक्स असा बनवा की कुरिअरला हवेचं भाडं भरावं लागणार नाही

ऑनलाईन चपला विकायला सुरुवात केली की पहिल्या काही कुरिअर बिलांतच एक गोष्ट डोळ्यात खुपते, जोडाचं वजन काट्यावर साडेसहाशे ग्रॅम आणि बिल मात्र दोन किलोचं. हे काही कुरिअरवाला फसवतोय म्हणून नाही, तो व्हॉल्युमेट्रिक वजन लावतो. म्हणजे बॉक्सची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं, येईल ते किलो. मग खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे, आणि तेही अर्ध्या किलोच्या स्लॅबमध्ये वर ढकलून. बाजारात रेडिमेड मिळणारा बुटाचा बॉक्स साधारण ३३ × २० × १२ असतो, गुणाकार ७९२०, भागिले ५००० म्हणजे १.५८, स्लॅब पडला २ किलोचा. आत चप्पल किती आहे? निम्मी पण नाही, बाकी हवा आणि चुरगाळलेला कागद.

कोल्हापुरीच्या बाबतीत हे जास्त वाईट वाटतं कारण ही चप्पल मुळातच सपाट आहे. बुटाला आत पोकळी असते, तो दाबला तर आकार जातो, म्हणून त्याला उंच बॉक्स लागतो. कोल्हापुरीला तळ, अंगठा, पट्टा आणि बाजूचे कान, एवढंच. तरी आपण तिला बुटाच्या बॉक्समध्ये का टाकतो तर तो बॉक्स दुकानात पटकन मिळतो म्हणून.

तर बॉक्सवाल्याकडे जायच्या आधी जमिनीवर बसा आणि जोड कसा झोपतो ते बघा. माझ्या मते अख्ख्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि लोक नेमका हाच सोडतात. दोन्ही चपला शेजारी शेजारी ठेवल्या तर रुंदी दुप्पट होते आणि टाचेच्या वरची सगळी जागा रिकामी राहते. त्याऐवजी दोन्हींचे पट्टे आतल्या बाजूला, तळ बाहेरच्या बाजूला, आणि एकीचा अंगठा दुसरीच्या टाचेकडे अशा उलट-सुलट ठेवा. पट्टा पुढच्या अर्ध्यात असतो, टाचेकडे काहीच नसतं, त्यामुळे एकीचा पट्टा दुसरीच्या रिकाम्या टाचेवर जाऊन बसतो. थोडं पुढेमागे सरकवून बघा, कुठेतरी एका जागी जोड एकदम खाली बसतो, तीच जागा पकडायची. टाच थोडी उंच असलेली डिझाईन असेल तरी ती टाच बाहेरच्या बाजूला येते, मध्ये घुसत नाही.

आता हा जोड दोन जाड पुस्तकांमध्ये धरून पट्टीने मोजा. हलका दाब द्यायचा, पण पट्टा चेपेल इतका नाही, कारण नव्या कोल्हापुरीचा पट्टा कडक असतो आणि त्यावर वळ पडला तर गिऱ्हाईक तो फोटो काढून पाठवतंच. गोंडा असेल, वेणीचं काम जाड असेल, कापशी चपलेचे कान मोठे असतील तर ते धरून मोजा, साध्या जोडाचं माप घेऊन सगळ्यांचा बॉक्स करू नका. तुमच्याकडे जी सगळ्यात जाड डिझाईन आहे ती जर वर्षात मोजकीच जात असेल तर तिला वेगळं पॅकिंग द्या, पण तिच्यासाठी बाकीच्या सगळ्या बॉक्सची उंची वाढवू नका.

गेंट्सच्या ८ नंबरपर्यंतच्या साध्या जोडाला मी बाहेरून २९ × १२.५ × ८ सेंटीमीटरचा बॉक्स धरतो. गुणाकार २९००, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक वजन ०.५८ किलो. जोड आणि बॉक्स मिळून खरं वजन पाऊण किलोच्या आसपास जातं, म्हणजे एक किलोचा स्लॅब. दोन किलोचा एक किलो झाला, चपलेत एक टाकासुद्धा बदलला नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण काही जण उगाच बॉक्स अजून बारीक करत बसतात. खरं वजनच पाऊण किलो असेल तर एक किलोचा स्लॅब तुम्हाला चुकणार नाही, आणि एक किलोला ५००० पर्यंतचा गुणाकार चालतो. मग २९०० चे २६०० करून सिंगल पार्सलच्या कुरिअरमध्ये एक रुपया वाचत नाही, त्याचा फायदा रॅकवर आणि मोठ्या कार्टनमध्ये. उलट लेडीजचा हलका जोड असेल, बॉक्स, लेबल आणि फ्लायर (कुरिअरची बाहेरची प्लास्टिक पिशवी) सगळं धरून ५०० ग्रॅमच्या आत बसत असेल, तर तिथे मात्र प्रत्येक मिलिमीटरला भांडा. अर्ध्या किलोची हद्द २५०० वर आहे. २६ × १२.५ × ८ केलं तर २६०० होतात आणि शंभराने स्लॅब हुकतो. उंची ७ केली की २२७५, बसला. आणि अगदी २४९० वर जाऊन थांबू नका, बऱ्याच ठिकाणी मशीन माप पूर्ण सेंटीमीटरला वर नेतं, फ्लायर फुगलेला असेल तर तो फुगवटा पण मोजला जातो. १२.५ चे १३ धरले तरी २६ × १३ × ७ म्हणजे २३६६, अजून आत आहे, असं ठेवायचं. भागाकाराचा आकडा मात्र तुमच्या कंपनीच्या रेट कार्डवर बघून घ्या, काही जण ५००० पेक्षा लहान आकड्याने भागतात आणि मग हे सगळं गणित खाली सरकतं.

आता साईझचं. प्रत्येक नंबरला वेगळा बॉक्स केला तर डायचा (पुठ्ठा कापायच्या साच्याचा) खर्च, प्रत्येकाचा वेगळा स्टॉक, आणि थप्पी कधीच सरळ लागणार नाही. एकच बॉक्स सगळ्यांना केला तर लहान नंबर आत खुळखुळतो. माझा मार्ग असा आहे की रुंदी आणि उंची सगळ्यांची सारखी, १२.५ × ८, आणि फक्त लांबी तीन प्रकारची, २६, २९ आणि ३२. हे आकडे असेच नाही घेतले. २९ अधिक २९ होतात ५८, आणि २६ अधिक ३२ पण होतात ५८. म्हणजे मोठ्या कार्टनमध्ये एका रांगेत एकतर दोन मधले बॉक्स बसतात नाहीतर एक लहान आणि एक मोठा, कुठेही बोटभर फट राहत नाही आणि मिक्स ऑर्डर पण नीट भरता येते. वर सांगितलेला ७ उंचीचा हलका लेडीज बॉक्स हा याला अपवाद, त्याची थप्पी वेगळी लावा.

मोठं कार्टन बाहेरून ६० × ४० घ्या. हे माप जगभर पॅकेजिंगमध्ये चालतं, १२० × १०० आणि १२० × ८० या दोन्ही मापांच्या पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी पाटावर) ते बरोबर बसतं, उद्या कोणी एक्स्पोर्टची ऑर्डर दिली तर पुन्हा डिझाईन करायला नको. फाईव्ह प्लायची, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याची, भिंत साधारण ६-७ मिलिमीटर जाड असते, म्हणजे आत ५८.७ आणि ३८.७ च्या आसपास जागा उरते. लांबीत दोन बॉक्स म्हणजे ५८, रुंदीत तीन म्हणजे ३७.५, एका थरात सहा, असे चार थर, २४ जोड. उंची फ्लॅप धरून ३५. रुंदी १३ केली असती तर तीन बॉक्सचे ३९ झाले असते आणि तिसरा बॉक्स आत गेलाच नसता, म्हणून मी साडेबारावर अडून बसतो. बॉक्स ठरवताना कार्टन आधी मनात हवं ते याच्यासाठी.

या कार्टनचा गुणाकार ८४०००, म्हणजे १६.८ किलो. खरं वजन २४ जोडांचं १८ किलो अधिक कार्टन. खरं वजन जास्त आलं, याचा अर्थ बिल फक्त चामड्याचं आणि पुठ्ठ्याचं लागणार, हवेचं शून्य. तेच २४ जोड जुन्या बुटाच्या बॉक्समध्ये पाठवले तर नुसत्या आतल्या बॉक्सांचंच व्हॉल्युमेट्रिक ३८ किलो होतं, बाहेरचं कार्टन धरायच्या आधीच. आणि घरात किंवा गाळ्यात ठेवायचं म्हटलं तर ३६ इंची, १५ इंच खोल लोखंडी रॅकच्या एका कप्प्यात, दोन फळ्यांमध्ये ४२ सेंटीमीटर अंतर असेल तर, जुने बॉक्स चार आडवे आणि तीन थर असे १२ बसतात. नवे सात आडवे आणि पाच थर, ३५. ज्याचं दुकान आणि गोडाऊन एकाच खोलीत आहे त्याला हा फरक काय असतो ते सांगायला नको.

बॉक्स उघडणार कुठून हे पण ठरवा. वरून झाकण असलेला बॉक्स थप्पीतून काढायचा तर वरचे चार आधी उतरवावे लागतात, गिऱ्हाईक समोर उभं असताना हे फार त्रासाचं होतं. म्हणून मी लहान बाजूने, म्हणजे १२.५ × ८ च्या तोंडाने उघडणारा एका तुकड्याचा बॉक्स सुचवीन, तोंडाचा फ्लॅप उघडला की जोड कागदासकट बाहेर सरकतो आणि बॉक्स जागेवरच राहतो. काडेपेटीसारखा ट्रे आणि बाहेरचं कव्हर हा प्रकार दिसायला सुंदर आहे आणि थप्पीत मजबूत पण आहे, पण त्यात पुठ्ठा जवळपास दुप्पट लागतो. वेगळं झाकण असलेल्या बॉक्सचं पण तेच. २०१० मध्ये प्युमा कंपनीने डिझायनर ईव्ह बेहार यांच्या स्टुडिओकडून बुटाच्या बॉक्सचं झाकणच काढून टाकलं, एका पुठ्ठ्याचा ट्रे आणि त्यावर चढवलेली पिशवी, आणि पुठ्ठा ६५ टक्के कमी लागतो असं कंपनीने सांगितलं होतं. पिशवीचा प्रकार आपण जसाच्या तसा करावा असं मी म्हणत नाही, पण झाकणाला किती पुठ्ठा जातो ते यावरून कळतं.

काही जण विचारतात की बॉक्सवर बॉक्स अडकायला वरती कान आणि खाली खाचा ठेवायच्या का. फळांच्या उघड्या ट्रेला त्या लागतात, तिथे वरचा ट्रे मालावर बसू नये म्हणून. आपल्या बंद बॉक्सला नको. उंची वाढते, आणि मधला बॉक्स ओढताना ते कान अडकतात. वरचा आणि खालचा भाग एकदम सपाट असला आणि चारही कोपरे एकावर एक आले की पुरे.

कोपऱ्यांचं मी मुद्दाम बोलतोय, कारण पुठ्ठ्याच्या बॉक्सवरचा बराचसा भार उभ्या कोपऱ्यांवरच येतो. विटांची भिंत रचतात तसे एकाआड एक बॉक्स रचले तर थप्पी हलत नाही हे खरं, पण वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मध्यावर येतो आणि तो दबतो. कार्टन सरळ कोपऱ्यावर कोपरा रचा, आणि थप्पी हलायची भीती वाटत असेल तर फक्त सगळ्यात वरचा थर आडवा फिरवा. कार्टन फळीच्या किंवा पॅलेटच्या बाहेर लोंबकळू देऊ नका, नाहीतर कोपरा हवेत राहतो.

आतल्या बॉक्सला थ्री प्लाय ई फ्लूट घ्या (फ्लूट म्हणजे पुठ्ठ्याच्या आतला नागमोडी, नळ्यांचा थर), जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. बी फ्लूट तीन मिलिमीटरचा असतो, चार बाजूंना तेवढी जागा फुकट जाते. साधा ड्युप्लेक्सचा, म्हणजे आत नळ्या नसलेल्या सपाट पुठ्ठ्याचा बॉक्स दिसायला गुळगुळीत आणि स्वस्त, दुकानात हातात द्यायला ठीक आहे, पण कुरिअरमध्ये त्याचे कोपरे चेपतात. पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या भिंतीत वरून खाली जाणाऱ्या हव्यात, हे ऑर्डर देताना स्पष्ट सांगा, नाहीतर शीट वाचवायला कटिंग आडवं केलं जातं आणि बॉक्सची ताकद जाते. बाहेरच्या कार्टनचं असं धरा की पाच कार्टन एकावर एक रचली तर खालच्यावर चार कार्टनचा, ७६ किलोच्या आसपास भार. गोडाऊनमध्ये महिनोन्महिने राहणार, त्यात दमट हवा, म्हणून चौपट धरा, ३०० किलोची बॉक्स कॉम्प्रेशन स्ट्रेंग्थ मागा, म्हणजे चेपेपर्यंत बॉक्स वरून जेवढा भार पेलतो ती ताकद. हाताला धरायची भोकं कोपऱ्याजवळ पाडू देऊ नका.

पावसाळ्याकडे तर खास लक्ष द्या. कोल्हापुरीचं चामडं हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेलं असतं, वर तेल दिलेलं असतं, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केलं की बुरशी ठरलेलीच. जोडाला बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि दोन चपलांच्या मध्ये एक पान टाका, नाहीतर लाल-तपकिरी रंग एकीचा दुसरीला लागतो आणि तेलाचे डाग पुठ्ठ्यावर उमटतात. सिलिका जेलची एक पुडी. बॉक्सच्या तोंडाला एक छोटं गोल भोक ठेवा, हवा पण खेळते आणि बोट घालून बॉक्स ओढायला पण येतो. कार्टन जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब.

लेबल पण याच लहान तोंडावर, कारण रॅकवर तेवढंच दिसतं. नंबर मोठ्या अक्षरात, मग डिझाईन आणि रंग. लीगल मेट्रॉलॉजीच्या २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांप्रमाणे नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, नग आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो, ते छापतानाच जागा सोडून घ्या. जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं चिन्ह मात्र तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेले असाल तरच टाका, कोल्हापुरीला जीआय २०१९ मध्ये मिळालं म्हणून ते कोणालाही छापता येत नाही.

डाय करायच्या आधी बॉक्सवाल्याकडून तिन्ही लांबीचे हाताने कापलेले कोरे सॅम्पल घ्या, ते देतात. त्यात सगळ्यात मोठ्या नंबरचा जोड भरा, टेप लावा, छातीच्या उंचीवरून कोपऱ्यावर, कडेवर आणि सपाट असा टाका, मग कानाजवळ धरून हलवा. आवाज आला तर कागदाची एक घडी टाचेकडे पुरते, बॉक्स बदलायला नको. त्याच्यावर भरलेली कार्टन ठेवून दोन दिवस सोडा आणि उंची परत मोजा. मग तोच जोड कुरिअरने ओळखीच्या कोणाकडे तरी पाठवा, आणि बिलावर त्यांनी कुठलं माप टाकलं ते बघून मगच हजाराची ऑर्डर द्या.