भिंतीपाशी द्रव घसरताना दिसला? प्रवाहाचा एमआरआय करताना या चुका टाळा

पेस्ट, जेल, इमल्शन यांच्या आत कॅमेऱ्याला काही दिसत नाही, म्हणून एमआरआयने थराथराचा वेग मोजायचा. पंचाईत अशी की हे द्रव मुळातच तऱ्हेवाईक. भिंतीपाशी घसरतात, मधेच वेगवान आणि संथ अशा दोन पट्ट्यांत विभागतात (यालाच शिअर बँडिंग म्हणतात). मोजणीतली गफलतही आलेखात अगदी तशीच दिसते. तेव्हा ‘शिअर बँडिंग सापडलं’ असं जाहीर करण्याआधी यंत्रावर संशय घ्या.

नळीच्या मध्यभागी वेग एकदम उलट्या दिशेने दिसतोय? बहुधा फेज, म्हणजे सिग्नलच्या लहरीचा कोन, गुंडाळली गेली आहे. वेग फेजमधून काढतात आणि फेज ±१८० अंशांपलीकडे मोजता येत नाही. ग्रेडियंट (जागेनुसार बदलणारं चुंबकक्षेत्र) ०.१ टेस्ला प्रति मीटर, त्याची पल्स १ मिलिसेकंदाची, दोन पल्समधलं अंतर १० मिलिसेकंद असेल, तर प्रोटॉनसाठी (हायड्रोजनच्या अणुकेंद्रासाठी) मर्यादा सेकंदाला साधारण ११.७ मिलिमीटर. त्यापुढचा वेग उणे होऊन येतो. ग्रेडियंट निम्मा करून पुन्हा मोजा. उलटा प्रवाह खरा असेल तर आकडा तोच राहील.

प्रवाह बंद असतानाची मोजणी बहुतेक जण घाईत गाळतात. ग्रेडियंट चालू-बंद होताना आसपासच्या धातूत भोवरी विद्युतप्रवाह तयार होतात आणि स्थिर द्रवालाही थोडी फेज चिकटते. तेवढी वजा करायलाच हवी. मात्र द्रव हलवणारी मोटर थांबली म्हणजे द्रव थांबला असं नाही. लवचीक द्रव थोडा मागे येतो. त्याला स्थिरावू द्या, मग मोजा.

सगळ्यात फसवी चूक चुंबकाच्या तोंडाशी होते. आत येणाऱ्या द्रवाला चुंबकित व्हायला वेळ लागतो. या वेळेचं माप म्हणजे टी-१; पाण्याचा टी-१ सुमारे ३ सेकंद. पूर्ण चुंबकनासाठी त्याच्या पाचपट, म्हणजे १५ सेकंद धरा. सेकंदाला १०० मिलिमीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्याला मोजणीच्या जागेआधी दीड मीटर लांबी चुंबकात मिळाली पाहिजे! एवढी जागा क्वचितच असते. मग मधल्या वेगवान द्रवाचा सिग्नल फिका पडतो आणि सरासरी संथ थरांकडे झुकते. यावर कॉपर सल्फेट घालून टी-१ कमी करायचा सल्ला मिळतो. पाण्यासाठी उत्तम. पण सर्फॅक्टंटच्या (साबणासारख्या पदार्थाच्या) लांबट मायसेल, म्हणजे रेणूंचे पुंजके, असलेल्या द्रावणात क्षाराने रचनाच बदलू शकते, म्हणजे तुम्ही मोजता ते वेगळंच द्रावण. तिथे नळीची वेटोळी चुंबकाच्या आत ठेवून थांबण्याचा वेळ वाढवणं बरं.

तेल-पाण्याच्या इमल्शनमध्ये दोघांच्या सिग्नलच्या वारंवारतेत सुमारे ३.५ पीपीएमचा (दशलक्षात साडेतीन भागांचा) फरक असतो. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर तो १,४०० हर्ट्झ होतो. बँडविड्थ (चित्रभर पसरलेला वारंवारतेचा पट्टा) ५० किलोहर्ट्झ आणि १२८ पिक्सेल असतील तर तेलाचं चित्र साडेतीन पिक्सेल सरकतं. द्रव ज्या फटीतून वाहतो तिची रुंदीच दहा पिक्सेल असेल तर विचार करा. बँडविड्थ वाढवा, नाहीतर फक्त पाण्याचा सिग्नल निवडा.

भिंतीला लागून असलेल्या शेवटच्या पिक्सेलवर विसंबून घसरण ठरवू नका. तो अर्धा भिंतीत असतो, आणि घसरणारा थर अनेकदा पिक्सेलहून कितीतरी पातळ. आतल्या बिंदूंवरून आलेख भिंतीपर्यंत वाढवून पाहा.

शंका उरलीच तर त्याच नळीतून संथपणे साधं पाणी सोडा. मध्यावरचा वेग सरासरीच्या दुप्पट यायला हवा, आणि आलेखावरून काढलेला प्रवाह तराजूवर ठेवलेल्या भांड्यात जमलेल्या पाण्याशी जुळायला हवा. पाणीसुद्धा भिंतीपाशी घसरताना दिसलं, तर पेस्टची बाटली इतक्यात उघडू नका.