दुकानात चालतो, घरी तुटतो: लॅपटॉपच्या वाय-फायची शोधाशोध

गिऱ्हाईक लॅपटॉप टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "ताई, सारखं नेट तुटतंय हो." मी लॅपटॉप चालू करते, दुकानाचं वाय-फाय लावते, अर्धा तास त्यावर भजनं वाजत ठेवते. एकदाही तुटत नाही. गिऱ्हाईक ओशाळतं. पोट दुखतंय म्हणून उचलून आणलेलं पोर डॉक्टरच्या दारात हसायला लागावं, तसा प्रकार.

रत्नागिरीत बरीच वर्षं हे काम करतेय, त्यामुळे मला आता याचं नवल वाटत नाही. नेट तुटणं हे एकट्या लॅपटॉपचं दुखणं क्वचितच असतं. लॅपटॉप, राउटर, मधल्या भिंती आणि बाहेरून येणारी केबल असा चौघांचा संसार असतो, आणि त्यातलं कोणीतरी एक रुसलेलं असतं. लोक मात्र येताना व्हिडिओ बघून दहा सेटिंग बदलून येतात, आणि मग मूळ दुखणं कुठलं नि औषधाने झालेलं कुठलं हेच कळेनासं होतं. म्हणून माझं सांगणं असं की कोण रुसलंय ते कळेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

सुरुवात फोनपासून करा. फोन त्याच वाय-फायला जोडा आणि त्याचा मोबाइल डेटा बंद करा. हे दुसरं लोक विसरतात. वाय-फाय मेलं की फोन गुपचूप सिमच्या नेटवर जातो, आणि तुम्हाला वाटतं फोन बरा चाललाय, म्हणजे लॅपटॉपच खराब. डेटा बंद करून बघा. लॅपटॉपबरोबर फोनही थांबला तर लॅपटॉप निर्दोष आहे, माझ्याकडे आणू नका. फायबरच्या डब्यावर 'लॉस' (एल-ओ-एस) नावाचा दिवा लाल झाला असेल तर दुखणं बाहेरच्या वायरीत आहे. केबलवाल्याला फोन करा.

दिवे ठीक, तरी दोन्ही थांबतात? मग एक प्रश्न विचारते: तेव्हा इंडक्शन 'टीं' करतं का?

हा प्रश्न मला नाचणे गावच्या एका काकूंनी शिकवला. त्यांचं नेट पावसाळ्यात दिवसातून पाच-सहा वेळा जायचं, दोन-तीन मिनिटांनी आपोआप यायचं. मुलीने पुण्याहून नवा लॅपटॉप पाठवला, तोही तसाच. मी घरी जाऊन बसले. चहा होईपर्यंत लाइट एकदा नुसती लुकलुकली. पंखाही थांबला नाही, लॅपटॉप बॅटरीवर असल्याने त्याला पत्ताही नाही, पण स्वयंपाकघरातून इंडक्शनचा 'टीं' आला. राउटर मात्र तेवढ्यात बंद होऊन पुन्हा चालू झाला होता. त्याला उठून, तोंड धुऊन, कामाला लागायला तेवढी मिनिटं लागतातच. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो लावला आणि प्रश्न मिटला. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असतं, पण वाचल्याशिवाय घेऊ नका. आणि फायबरचा डबा व राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागतो. एकाला देऊन उपयोग नाही.

फोन चालतो आणि लॅपटॉपच थांबतो, असं असेल तर पुढची चाचणी. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी लिहून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. तिथे पिंग करायचं, म्हणजे समोरच्याला सारखी हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघायचं. त्यात इंग्रजीत पिंग लिहा, जागा सोडून राउटरचा पत्ता, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि लगेच टी. पत्ता राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ (अंक अर्थातच इंग्रजी). अशीच दुसरी खिडकी उघडून तिथे ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या नेटवरच्या गूगलच्या पत्त्याला, पिंग लावा. दोन्ही शेजारी ठेवा आणि नेहमीचं काम करा.

आता नेट तुटलं की कुठल्या खिडकीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतंय ते बघायचं. राउटरची खिडकी व्यवस्थित चालू आणि दुसरीच अडकली, तर तुमच्या घरातली हवा स्वच्छ आहे. दोष राउटरच्या पलीकडे. राउटरचीच अडकली, किंवा एरवी दोन-चार मिलिसेकंदांत येणारं उत्तर तीनशे-चारशेवर उड्या मारायला लागलं, तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये. दोन्ही सुरळीत, तरी वेबसाइट उघडत नाहीत? मग नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडकली आहे, किंवा लॅपटॉपची तारीख चुकली आहे. हसू नका, जुन्या लॅपटॉपचा आतला बटणसेल संपतो, तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि बँकेपासून मेलपर्यंत कुठलीही साइट त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

समजा दोष मधल्या हवेत निघाला. आमच्याकडे ती हवा म्हणजे जांभा. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती फूट-दीड फूट जाड. राउटर पुढच्या पडवीत, कारण केबलवाल्याला तिथेच वायर टाकणं सोपं, आणि पोरगं अभ्यासाला माजघराच्या पलीकडे. मधे दोन भिंती आणि त्याशिवाय एक वस्तू जी कोणाच्या लक्षात येत नाही: स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी. हंडे, कळश्या, परातींनी भरलेली मांडणी म्हणजे लहरींसाठी पत्र्याची भिंतच. लोखंडी कपाट आणि भरलेली पाण्याची टाकीसुद्धा तसंच करतात. राउटर दोन हात सरकवून, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर उघड्यावर ठेवला की कित्येकदा काम होतं. टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजवर ठेवू नका.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाच वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकते. दोन-चार हळू, पण लांब पोचते. दोघींना एकच नाव दिलेलं असेल तर मधल्या खोलीत बसलेला लॅपटॉप हिच्याकडून तिच्याकडे नाचत राहतो आणि दर उडीला तुमचा कॉल अडखळतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघींची नावं वेगळी करा आणि लांबच्या खोलीतल्या लॅपटॉपला दोन-चारशीच बांधून टाका. फ्लॅटमध्ये राहत असाल, शेजारच्या आठ-दहा घरांची नावं यादीत दिसत असतील, तर उलट: शक्य तिथे पाच वापरा, आणि दोन-चार वापरावीच लागली तर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडा. हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. तिसरा किंवा आठवा निवडणारा शहाणा स्वतःही भांडतो आणि दोन्ही शेजाऱ्यांनाही भांडायला लावतो. मायक्रोवेव्हही याच पट्टीत गुणगुणतो, पण तो रोज दोन मिनिटं. त्याला माफ करा.

याच पट्टीतला एक छुपा चोर मात्र सांगायलाच हवा. निळ्या खाचेच्या यूएसबी ३ मध्ये लावलेली बाहेरची हार्ड डिस्क. तिच्यात डेटा धावायला लागला की तिची वायर दोन-चारच्या आसपास गोंगाट करते. एका लग्नाच्या फोटोग्राफरचं नेट फक्त फोटो उतरवताना जायचं, आणि माउसचा बाणही तेव्हाच अडखळायचा, कारण बिनवायरचा माउसही त्याच पट्टीत. डिस्क दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावली, थोड्या लांब वायरीने दूर ठेवली. एवढंच केलं.

आता लॅपटॉपच्या आत. क्रमाने करा, आणि एक बदल केल्यावर निदान अर्धा दिवस थांबा.

आधी रीस्टार्ट. शट डाउन नव्हे. विंडोज शट डाउन करताना अर्धं सामान तसंच गाठोड्यात बांधून ठेवतं आणि सकाळी तेच सोडतं, रुसलेल्या ड्रायव्हरसकट (ड्रायव्हर म्हणजे वाय-फाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). रीस्टार्टला मात्र सगळं नव्याने मांडावं लागतं.

मग वीजबचत. विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर उघडा, मग नेटवर्क अडॅप्टर्स, त्यात वायरलेस लिहिलेलं नाव, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. तिथे वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करायची मुभा कॉम्प्युटरला देणारी टिक असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅबच नसतो, शोधत बसू नका. चार्जरवर नीट आणि बॅटरीवर तुटतं, किंवा झाकण मिटून उघडलं की तुटतं, अशी तक्रार असेल तर संशय पहिला इथे.

ड्रायव्हर. अपडेटनंतर बिघडलं असेल तर त्याच खिडकीत ड्रायव्हर टॅबवर 'रोल बॅक' आहे, मागे जा. नाहीतर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर खालच्या बाजूचा मॉडेल नंबर टाकून तिथलाच ड्रायव्हर घ्या. 'आम्ही तुमचे सगळे ड्रायव्हर शोधून देतो' म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं घेऊ नका. त्यांनी घातलेला घोळ निस्तरण्यावर माझे महिन्याचे बरेच पैसे निघतात, तरी सांगतेय.

एकाच वाय-फायवर त्रास असेल तर त्या नावावर 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाका. सगळीकडेच असेल तर शेवटचा उपाय नेटवर्क रीसेट. त्यात साठवलेले सगळे पासवर्ड जातात आणि ऑफिसचं व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं, तेव्हा महिनाअखेरीच्या दिवशी करू नका.

एवढं करूनही तुटत असेल तर मी स्क्रीन हलवून बघते.

पावस गावचा एक मुलगा, मुंबईच्या ऑफिसचं काम घरून करणारा, तीनदा येऊन गेला. दुकानात तिन्ही वेळा लॅपटॉप ठणठणीत. तिसऱ्या वेळी म्हटलं, घरी बसतोस कसा ते दाखव. तो खुर्चीत मागे रेलला आणि स्क्रीन पार मागे पाडली. तेव्हा मला माझी चूक कळली. माझा राउटर टेबलाच्या वर, हातभर अंतरावर. एवढ्या जवळून अँटेना तुटलेली असली तरी रेंज मिळतेच. लॅपटॉप उचलून आम्ही दोघं रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेलो. काळ्या खिडकीत नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस ही आज्ञा दिली (हिज्जे एन-ई-टी-एस-एच, मग डब्ल्यू-एल-ए-एन, पुढचे दोन शब्द साधे इंग्रजी). त्यात सिग्नल किती टक्के ते दिसतं. स्क्रीन सरळ: ५८. स्क्रीन मागे: १९, आणि मग गेलंच. पुन्हा सरळ, ५६. चहावाल्याला वाटलं आम्ही काहीतरी खेळ करतोय.

लॅपटॉपची अँटेना बहुधा स्क्रीनच्या झाकणात असते. तिच्या दोन बारीक वायरी, बहुतेकदा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, बिजागरातून खाली येऊन पोस्टाच्या तिकिटाएवढ्या वाय-फाय कार्डावर बसतात. टोकाला मोहरीपेक्षा थोडं मोठं सोनेरी टोपण. बिजागर सैल होऊन त्याचं प्लास्टिक फुटलं की ते वायर चावायला लागतं. त्या मुलाच्या लॅपटॉपची काळी वायर निम्मी कुरतडली गेली होती.

हात कसलेला असेल आणि वॉरंटी संपली असेल तर टोपणं सैल झालीत का एवढं घरी बघता येतं. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, तळाचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवायची. फोटो काढा. सैल टोपण नखाने सरळ वरून दाबा, बारीक 'टक्' लागतं. तिरकं दाबलं तर चेपतं आणि मग कार्डच बदलावं लागतं. कित्येक बारीक लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावरच डाखलेलं असतं, पण टोपणं तिथेही असतातच. वायर तुटली असेल तर मात्र स्क्रीनची चौकट उघडावी लागते. ते घरी करू नका, काच जाते.

खर्च नको असेल तर पाच-सातशेचा यूएसबी वाय-फाय डोंगल घ्या, जुन्या काळ्या खाचेत लावा आणि आतलं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करा. नाहीतर दोघं एकाच कामाला धावतात.

आणि दुकानात आणायचाच असेल तर नुसता लॅपटॉप आणू नका. चार्जर, माउस, डिस्क, मांडीवर घेऊन बसत असाल तर ती उशीसुद्धा, घरी जे जे लावलेलं असतं ते सगळं आणा. शिवाय कधी तुटलं त्याच्या वेळा दोन दिवस कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक वेळेपुढे, तेव्हा लाइट लुकलुकली का तेही.