पहिला ट्रेक ठरवताय? मग निदान या चुका तरी टाळा

पहिल्यांदा डोंगरात जाणारे लोक मला हमखास एकच प्रश्न विचारतात, किती किलोमीटर आहे? सात-आठ म्हटलं की लगेच चेहरा खुलतो, अरे एवढं तर आम्ही रोज सकाळी चालतो. पुढची सगळी गडबड इथूनच सुरू होते, म्हणून आधी तेच घेतो.

नुसते किलोमीटर बघून ट्रेक निवडणं

डोंगरात अंतर हा अर्धाच हिशोब, उरलेला अर्धा म्हणजे चढाई किती मीटरची आहे, आणि ते कोणी विचारतच नाही. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक साधा नियम दिला होता, दर 5 किलोमीटरला एक तास आणि वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. आता 8 किलोमीटर आणि 900 मीटर चढाई असा ट्रेक धरा. अंतराचा दीड तासाच्या थोडं वर आणि चढाईचा दीड तास, म्हणजे साधारण तीन तास, तेही न थांबता आणि चालायची सवय असलेल्या माणसाचे. नवीन लोक असतील तर मी त्याची दीडपट धरतो आणि वर एक तास फोटो, पाणी, बुटाची लेस बांधणं यासाठी सोडतो. झाले ना सहा तास? रोज सकाळी चालता ते हे नव्हे.

असाच एक ग्रुप होता, मी मदतीला म्हणून सोबत होतो. गाइडने सहाला निघू सांगितलेलं, पण सुट्टीच्या दिवशी एवढ्या लवकर कोण उठणार म्हणून सगळ्यांनी मिळून नऊ करून घेतलं आणि प्रत्यक्षात पाय हलले दहाला. गाइड तरुण होता, भिडेपोटी काही बोलला नाही. एक वाजला तरी आम्ही खिंडीच्या खालीच. तेव्हा तो म्हणाला की आता परत फिरू, तर सगळ्यांचं एकच, एवढं आलोय तर आता अर्धा तासच राहिलाय ना. साडेतीनला माथ्यावर पोचलो तेव्हा सगळं ढगात, दहा पावलांवरचा माणूस दिसेना. आणि खरी परीक्षा तर उतरताना. एका ताईंचे गुडघे बोलायला लागले, अंधार पडला, हेडटॉर्च सगळ्यांत मिळून दोन, बाकीच्यांच्या हातात मोबाइल, म्हणजे घसाऱ्यावर आधाराला एकच हात मोकळा. त्या ताई शेवटचा टप्पा बसून, हात टेकत, घसरत उतरल्या आणि खाली आल्यावर दोन्ही तळवे सोलवटलेले होते. सुखरूप आलो हे खरं, पण ज्या व्ह्यूसाठी गेलो तो कोणीच बघितला नाही.

त्या ढगांचं कारणही साधं आहे. ऊन चढलं की उतार तापतात, त्यांना लागून गरम दमट हवा वर सरकते, वर जाऊन थंड होते आणि माथ्यावर ढग जमतो. म्हणून बहुतेक डोंगरांवर सकाळ मोकळी आणि दुपार झाकलेली. व्ह्यू हवा असेल तर लवकर निघायलाच लागतं, यात माझी काहीही तडजोड नाही. दुसरं म्हणजे परत फिरायची वेळ खालीच ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. सूर्यास्तातून उतरायचा वेळ वजा करायचा, त्यातून आणखी दोन तास वजा, जी वेळ येईल ती झाली की माथा पन्नास मीटरवर असला तरी मी फिरतो. वर दमलेल्या अवस्थेत हा निर्णय घ्यायचाच नसतो, कारण तिथे प्रत्येकाला अर्धा तासच राहिलेला दिसतो.

वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेले बूट काढणं

कोरा बूट चावतो हे सगळ्यांना माहीत असतं, जुन्याचं फार कमी जणांना माहीत आहे. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या सोलमधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू आतून तुटत जातो, तुम्ही वापरा किंवा वापरू नका. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो. एका ट्रेकमध्ये एकाने भावाचे असेच जपून ठेवलेले बूट आणले होते, तासाभरात डाव्याचा सोल जिभेसारखा लोंबायला लागला, हात लावला तर आतला थर चुरा होऊन बोटांना लागत होता. चिकटपट्टीचे वेढे मारून दोरीने बांधला, आणि थोड्या वेळाने उजवाही गेला. त्याला तिथूनच खाली पाठवावं लागलं आणि सोबत एक माणूसही. त्यामुळे निघायच्या दोन-तीन आठवडे आधी बूट काढा, सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा, कडेला भेगा दिसल्या तर फेका, आणि उरलेले दिवस तेच बूट घालून जिने चढा-उतरा. चिकटपट्टी माझ्या सॅकमध्ये कायम असते, पाण्याच्या बाटलीला गुंडाळून, जागा खात नाही.

गाइड आहे म्हणून आपलं डोकं घरी ठेवणं

पैसे भरायच्या आधी विचारा: ग्रुप किती जणांचा, सर्वात शेवटी कोण चालणार, फर्स्ट एड कोणाकडे, या मोसमात ही वाट तुम्ही केलीय का, हवा बिघडली तर काय करणार. नीट उत्तर न देणाऱ्याकडे मी बुकिंग करत नाही. आणि तुमचं दम्याचं, गुडघ्याचं, उंचीच्या भीतीचं जे काही असेल ते आदल्या दिवशीच सांगा, कड्यावर पोचल्यावर नको.

पुढे पळणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही पुढे जाऊन बसता, शेवटचा धापा टाकत येतो, आणि तो आला की तुम्ही चला म्हणून उठता. म्हणजे सर्वात जास्त दमलेल्या माणसाला विश्रांतीच मिळत नाही. मी सर्वात हळू चालणाऱ्याला गाइडच्या मागे दुसऱ्या नंबरवर ठेवतो आणि सगळे त्याच्या वेगाने.

बाकीचं पटकन

जीन्स आणि कॉटन टीशर्ट नको, घाम धरून ठेवतात आणि वारा सुटला की अंग गार पडतं. दर 1000 मीटरला तापमान साधारण 6.5 अंशांनी उतरतं, खाली उकडत असलं तरी जॅकेट सॅकमध्ये हवंच.

पाणी तासाला अर्धा लिटर या अंदाजाने.

टॉर्च प्रत्येकाची वेगळी, मोबाइल म्हणजे टॉर्च नाही. शिट्टीही ठेवा, संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा वेळा.

2500 मीटरच्या वर जाणार असाल तर डोकेदुखी आणि मळमळ लपवू नका, तिथे विरळ हवेचा त्रास फिट माणसालाही होतो.

वळणं कापून शॉर्टकट मारणं

याचा मला मनापासून राग येतो. वाट नागमोडी काढलेली असते ती चढ सौम्य व्हावा आणि माती टिकावी म्हणून. तुम्ही सरळ खाली उतरता तेव्हा वाचतात दोन मिनिटं, पण माती सुटते, पुढच्या पावसात तिथूनच पाणी वाहतं आणि चांगली वाट धुऊन जाते. शिवाय तुमच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्या वळणावरच्या माणसाच्या डोक्यावर येतो. दगड सुटलाच तर लाजू नका, जिवाच्या आकांताने "दगड!" ओरडा, आणि खाली असाल तर वर बघू नका, डोक्यावर सॅक धरून कड्याला चिकटा.