पाईकला ट्राउट समजू नका: जूनमधल्या फ्लाय फिशिंगमध्ये या चुका टाळा

कॅनडातल्या उत्तर मॅनिटोबा आणि सास्काचेवानमधल्या सरोवरांवरचा बर्फ साधारण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हटतो. त्यानंतरचे काही आठवडे फ्लाय फिशिंगवाल्यांची, म्हणजे पिसं-धागे बांधलेल्या खोट्या आमिषाने (फ्लायने) मासे धरणाऱ्यांची, चंगळ असते. एरवी खोलात राहणारा लेक ट्राउट वर आलेला असतो आणि पाईक हा तीक्ष्ण दातांचा शिकारी मासा तर काठालाच असतो. तरी बरेच जण हात हलवत परततात, कारण दोन्ही माशांना एकच हिशोब लावला जातो.

जागा आणि वेळ

पाणी सुंदर दिसतं म्हणून तिथे गळ टाकू नका, थर्मामीटर बुडवा. मुख्य सरोवर ५ अंशांवर असताना काळ्या चिखलाचा, उत्तर काठावरचा आत शिरलेला उथळ कोपरा दिवसभर ऊन खाऊन १२ अंशांवर गेलेला असू शकतो. पाईक अंडी घालून तिथेच रेंगाळतो, कधी अगदी गुडघाभर पाण्यात. लेक ट्राउटला १० अंशांच्या आसपास बरं वाटतं. तो शोधायचा त्या कोपऱ्याच्या तोंडाशी, नदी येऊन मिळते तिथे, बुडालेल्या खडकांच्या कडेला. पहाटे चारला उठायचा अट्टहास पाईकसाठी तरी सोडा. दुपारी तापलेलं पाणी जास्त देतं.

काल गजबजलेला कोपरा आज रिकामा? वारा बघा. मोकळ्या सरोवरावरून आत येणारा वारा गार पाणी ढकलतो आणि पाईक सरकून बाहेरच्या खोल कडेला जातात. लांब जाऊ नका, तिथेच शोधा. ट्राउट नाहीसे झाले असतील तर बहुतेक वरचं पाणी तापलंय. तरंगती लाईन (फ्लाय फेकायची जाड दोरी) काढून बुडणारी लावा. टाइप ६ ही झपाट्याने बुडणारी लाईन सेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर बुडते. मनात वीस आकडे मोजलेत की ३ मीटर. मासा लागला तो आकडा लक्षात ठेवा.

तुटलेलं टोक नीट बघा

फ्लाय गेली की लोक वैतागून नवी बांधतात. आधी लीडरचं, म्हणजे लाईन आणि फ्लायमधल्या बारीक दोऱ्याचं, टोक बोटांत धरा. ते डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर तुमची गाठ सुटली. सरळ, स्वच्छ कापलेलं असेल तर पाईकचे दात. यावर उपाय फ्लायच्या आधी ३० सेंटिमीटर तार. तारेला पाईक बुजतो ही समजूत मला तरी पटत नाही. हल्ला करताना तो एवढं बघत नाही.

रॉडही बदला. ट्राउटची ५ नंबरची काठी वीतभर लांबीची, भिजलेली फ्लाय फेकू शकत नाही. ८ किंवा ९ नंबरची, जास्त दणकट काठी हवी. सशाच्या कातडीची फ्लाय पाणी पिऊन जड होते, सिंथेटिक धाग्यांची हलकी राहते.

झटका

ही सवय मोडायला सगळ्यात अवघड. ट्राउटवाला मासा लागताच रॉड वर उचलतो. पाईकचं तोंड हाडाचं, त्यात अशाने गळ रुततच नाही आणि फ्लाय सुटून बाहेर येते. रॉडचं टोक पाण्याकडे ठेवा आणि रिकाम्या हाताने लाईन सरळ, जोरात मागे ओढा. मासा पक्का लागला की मग रॉड उचला.

पाईक बोटीपर्यंत मागे येऊन थबकला, तर फ्लाय उचलू नका. रॉडचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठचा आकडा काढा. वळणावर वेग वाढवा. बरेच पाईक याच वळणावर घेतात.

सोडताना

मॅनिटोबात गळाला उलटा काटा चालत नाही, तो पक्कडीने दाबून सपाट करावा लागतो. लांब नाकाची पक्कड विसरलात तर पाईकच्या तोंडात हात घालायची वेळ येते, घालू नका. डोळ्यांच्या खोबणीत बोटं रोवून धरण्याची जुनी पद्धतही नको, मासा आंधळा होतो. मोठा लेक ट्राउट फोटोसाठी बोटीच्या तळावर आपटू देऊ नका. गार पाण्यात तो इतका सावकाश वाढतो की हातातला मासा कदाचित वीस-तीस वर्षांचा असेल. ओल्या हातांनी, पाण्यातच धरून सोडा. आणि चावणाऱ्या काळ्या माश्यांसाठी डोक्यावरची जाळी खिशातच असू द्या, बोटीच्या पेटीत नको.