दोन विषयांची पदवी आणि विद्यापीठ निवडताना या चुका टाळा

पदवीला दोन विषय जोडीने घेता येतात, हे आता पुण्यातल्या बहुतेक घरांत माहीत झालंय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांनी २०२४-२५ पासून त्याप्रमाणे अभ्यासक्रम सुरू केले, आणि ‘मेजर’ (मुख्य विषय), ‘मायनर’ (दुय्यम विषय) हे शब्द प्रवेशाच्या रांगेतल्या आईबाबांच्याही तोंडी बसले. शब्द बसले, पण त्यामागचा हिशोब अजून पुरेसा पोचलेला नाही. फर्ग्युसन मिळेल का, एसपी मिळेल का, कट-ऑफ किती लागेल, यावर घरोघरी तासन्‌तास बोलणं होतं. दुसऱ्या विषयाचे तिसऱ्या वर्षी किती पेपर आहेत, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न हाच. कॉलेजचं नाव त्यानंतर.

मायनर म्हणजे अर्धी पदवी असं समजणं

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो, म्हणून आकडेच मांडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) आहेत. त्यातले किमान ६० मेजरचे आणि किमान २४ मायनरचे. चार वर्षांची पदवी घेतली तर एकूण १६०, मेजर ८०, मायनर ३२. महाराष्ट्रात सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट धरतात, त्यामुळे तीन वर्षांची बेरीज १३२ पर्यंत जाते, पण प्रमाण साधारण तेच राहतं. म्हणजे मायनर विषय पदवीचा जेमतेम पाचवा हिस्सा आहे.

डबल मेजर ही वेगळी गोष्ट. तिथे दुसऱ्या विषयाचे किमान ४० टक्के क्रेडिट लागतात, म्हणजे १२० पैकी ४८. मायनरच्या बरोबर दुप्पट. प्रवेशाच्या गडबडीत ‘आमच्याकडे दोन्ही विषय आहेत’ एवढंच उत्तर मिळतं आणि ऐकणारा ते डबल मेजर म्हणून ऐकतो. त्यापेक्षा सरळ विचारा: या जोडीत दुसऱ्या विषयाला सहा सेमिस्टरमध्ये मिळून किती क्रेडिट? आकडा सांगता आला नाही, तर विभागप्रमुखांना भेटूनच फी भरा.

हा आकडा महत्त्वाचा का, ते तीन वर्षांनी कळतं. एमएस्सीच्या अर्जात पात्रतेची ओळ असते: अमुक विषय पदवीला अमुक प्रमाणात झालेला असावा. संख्याशास्त्र मायनर घेतलेल्या मुलीला संख्याशास्त्राच्या एमएस्सीला बसता येईल की नाही, हे त्या एका ओळीवर ठरतं. तेव्हा पुढे कुठे जायचं मनात आहे, त्या दोन-तीन पदव्युत्तर अभ्यासक्रमांची पात्रता आजच काढून वाचा. बारावीनंतर एमएस्सीचं माहितीपत्रक वाचणं घाईचं वाटेल, पण जोडी त्यावरूनच ठरवायला हवी.

पहिल्या वर्षाचे पेपर पाहून विषय आवडणं

पहिलं वर्ष सगळ्याच विषयांचं गोड असतं. खरा विषय पाचव्या सेमिस्टरला भेटतो. अर्थशास्त्र आणि गणित ही पुण्यात फार मागितली जाणारी जोडी आहे, तीच घेऊ. पहिल्या वर्षी मागणी-पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न, गणितात कलन. बारावीला ९५ पडलेल्या मुलाला यात अडचण येत नाही. पुढे गणितात रिअल अ‍ॅनालिसिस येतं. तिथे उत्तर काढायचं नसतं, सिद्ध करायचं असतं. एखाद्या क्रमिकेला सीमा आहे हे दिसत असूनही, सीमेपासून कितीही लहान अंतर (एप्सिलॉन) घेतलं तरी अमुक पदानंतरची सगळी पदं त्या अंतराच्या आत येतात, हे शब्दाशब्दाने मांडावं लागतं. गणितं भराभर सोडवून मार्क मिळवलेली मुलं इथे अडखळतात. काहींना उलट इथेच गणिताची गोडी लागते, तो भाग वेगळा. पण आपण यातले कोण, हे आधी तपासता येतं. अशा पुस्तकातलं एक प्रकरण वाचनालयात बसून दोन तास वाचा. पान समजलं नाही तरी चालेल. पुढचं पान उलटावंसं वाटलं का, तेवढं पाहा.

याच जोडीचं दुसरं टोकही लक्षात घ्या. गणिताची भीती वाटते म्हणून नुसतं अर्थशास्त्र घेणाऱ्यांना पुढे इकॉनॉमेट्रिक्समध्ये, म्हणजे आकडेवारीवर आधारलेल्या अर्थशास्त्रात, मॅट्रिक्स आणि संभाव्यता भेटतेच. दिल्ली विद्यापीठाच्या बीए अर्थशास्त्र ऑनर्सला तर प्रवेशालाच गणित लागतं. बारावीला गणित सोडलं असेल, तर ज्या विद्यापीठांचा विचार आहे, त्यांची अट आधी बघा.

मानसशास्त्राचंही तसंच. समुपदेशन करायचं म्हणून येणाऱ्या मुलांना प्रयोगांची जर्नल, नमुना निवड आणि सांख्यिकी चाचण्या हा विषयाचा कणा आहे हे ठाऊक नसतं. मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र ही जोडी म्हणूनच मला फार मोलाची वाटते. संशोधनात जाऊ इच्छिणाऱ्याला ती भक्कम पाया देते, आणि तरीही ती मागणारे थोडे असतात.

संस्कृत आणि भाषाशास्त्र मागणारे आणखी थोडे. पण या जोडीसाठी पुण्यासारखं गाव नाही. भांडारकर प्राच्यविद्या संस्था १९१७ पासून इथे आहे, डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा विभाग आहे, आणि संस्कृतचा ऐतिहासिक कोश तिथेच १९४८ पासून घडतो आहे. पाणिनीची जवळजवळ ४,००० सूत्रं शिकताना शेजारच्या इमारतीत त्याच भाषेचा कोश रचणारी माणसं असणं, याची किंमत कट-ऑफमध्ये मोजता येत नाही. ‘याला स्कोप काय’ म्हणून घरात ही जोडी उडवून लावण्याआधी मुलाला एकदा तिथल्या ग्रंथालयात घेऊन जा.

टाइमटेबल न बघता जोडी ठरवणं

प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेली प्रत्येक जोडी प्रत्यक्षात घेता येतेच असं नाही. मंगळवारी अकरा वाजता एका विषयाचं प्रॅक्टिकल आणि त्याच वेळी दुसऱ्याचं लेक्चर असेल, तर जोडी कागदावरच राहते. मग विद्यार्थी एकाची हजेरी दुसऱ्याच्या हजेरीतून कापत राहतो, आणि सेमिस्टरअखेरीला ७५ टक्क्यांचा प्रश्न उभा राहतो. मागच्या वर्षीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचं टाइमटेबल मागून घ्या. ते नोटीसबोर्डावर असतंच. शिवाय त्या जोडीतला एखादा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी गाठा. कॅन्टीनमधली पंधरा मिनिटं त्यासाठी पुरतात. असा एकही विद्यार्थी सापडला नाही, तर पुरेशी मुलं न आल्याने जोडी सुरूच होत नाही, असं असू शकतं. पाच मुलं आली तरी वर्ग भरेल का, हेही कार्यालयात विचारा.

मेजर कधी पक्कं करायचं, हे प्रत्येक ठिकाणी सारखं नसतं. काही कॉलेजांत पहिल्या वर्षी तीन विषय शिकून दुसऱ्या वर्षी त्यातून मेजर-मायनर ठरतं, काही ठिकाणी प्रवेशाच्या दिवशीच. ज्यांचं भौतिकशास्त्र की जीवशास्त्र हे ठरत नाही, त्यांना माझं सांगणं असतं की पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेचा पर्याय डोळ्यासमोर ठेवा. २००६ साली सुरू झालेल्या या संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. सुरुवातीला सगळ्यांनी मूलभूत विज्ञानाचे सगळे विषय शिकायचे, कल नंतर ठरवायचा. त्यासाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे निकालानंतर जागं होऊन उपयोग नाही.

कॉलेज, स्वायत्त कॉलेज आणि विद्यापीठ यांची सरमिसळ

फर्ग्युसन १८८५ चं आणि स्वायत्त आहे. अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या, पदवी मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. साध्या संलग्न कॉलेजात अभ्यासक्रमही विद्यापीठाचाच. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची, ती अभिमत विद्यापीठ, पदवी स्वतःची देते. लवळे, कोथरूड या बाजूंना खासगी आणि अभिमत विद्यापीठं आहेत, त्यांचे अर्ज वेगळे, तारखा वेगळ्या, फी तर फारच वेगळी. एकच ‘बीएस्सी इकॉनॉमिक्स’ हे नाव या चारही ठिकाणी वेगवेगळा अभ्यासक्रम दाखवू शकतं. म्हणून नावावरून तुलना करू नका, पेपरांची यादी शेजारी ठेवून करा.

बीबीए, बीसीए, बीएमएस यांना राज्यात २०२४ पासून सीईटी आहे. मॅनेजमेंटशी जोडी करायची म्हणणारे हे हमखास विसरतात.

भाषा शिकायची म्हणून भाषेलाच मेजर करणं

जर्मन, फ्रेंच, जपानी शिकण्याची पुण्याला जुनी आवड आहे. ती आवड असेल, साहित्य वाचायचं असेल, शिकवायचं असेल, भाषांतर करायचं असेल, तर भाषेत पदवी जरूर घ्या. पण नोकरीसाठी किंवा जर्मनीतल्या प्रवेशासाठी बी१, बी२ अशी पातळी हवी असेल, तर ती वेगळी परीक्षा देऊन सिद्ध करावी लागते. बीएच्या गुणपत्रिकेने ते काम होईलच असं नाही. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सर्टिफिकेट आणि डिप्लोमा अभ्यासक्रम चालवतो, जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहेच. इतिहास किंवा संगणक मेजर ठेवून भाषा बाहेरून शिकणं अनेकांना जास्त सोयीचं पडतं, आणि पदवीतले क्रेडिट दुसऱ्या विषयाला मोकळे राहतात.

‘परदेशी विद्यापीठाची पदवी’ या शब्दांवर भाळणं

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या परदेशी सहकार्याबद्दलच्या २०२२ च्या नियमांत तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये परदेशी विद्यापीठात ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट करता येतात, पदवी भारतीय संस्थेची. जॉइंट डिग्रीत दोन्ही संस्थांमधून किमान ३० टक्के क्रेडिट आणि दोन्हींची बोधचिन्हं असलेली एकच पदवी. ड्युअल डिग्रीत दोन स्वतंत्र पदव्या, त्यात भारतीय संस्थेतले क्रेडिट किमान ३० टक्के. जाहिरातीत यातलं काहीही ‘इंटरनॅशनल डिग्री’ म्हणून येतं. करार या तिन्हींपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे लेखी मागा. एखाद्या ऑनलाइन कंपनीमार्फत फ्रँचायझी पद्धतीने पदवी द्यायला या नियमांत परवानगी नाही.

थेट ब्रिटनला अर्ज करणार असाल, तर तिथली जोडपदवी जुनी आणि रुळलेली आहे. ‘इकॉनॉमिक्स अँड मॅथेमॅटिक्स’ असं नाव असेल तर दोन्ही विषय साधारण निम्मेनिम्मे, आणि ‘इकॉनॉमिक्स विथ मॅथेमॅटिक्स’ असेल तर गणित दुय्यम. युकास या ब्रिटनच्या सामाईक अर्जव्यवस्थेत पाच पर्याय देता येतात, पण पर्सनल स्टेटमेंट (आपण हा विषय का निवडतो ते सांगणारं निवेदन) एकच, ते पाचही ठिकाणी जातं. तीन ठिकाणी नुसतं अर्थशास्त्र आणि दोन ठिकाणी अर्थशास्त्र-तत्त्वज्ञान असं मागितलं, की ते स्टेटमेंट कुणासाठीच नीट लिहिता येत नाही. पाचही पर्याय एकाच किंवा जवळच्या जोडीचे ठेवा. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकालाच एका वर्षी अर्ज करता येतो, आणि त्याची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. तेव्हा आपल्याकडे बारावीची सहामाही चालू असते, शिक्षकांकडून अपेक्षित गुण आणि शिफारस मिळवायची तर गणपतीच्या आधीच त्यांच्याशी बोलून ठेवा.

आधीच चूक झाली असेल तर

पहिल्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच जोडी चुकल्याचं कळलं, तर थांबू नका. विषय बदलायची मुदत कॉलेज ठरवतं आणि ती लवकर संपते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि दोन्ही विभागप्रमुखांची सही घ्या. तोंडी ‘करून देऊ’ यावर सेमिस्टर घालवू नका. त्याच दिवशी नव्या विषयाचं झालेलं शिकवणं कुणाच्या वहीवरून भरून काढायचं, तेही ठरवा.

वर्ष उलटून गेलं असेल, तर अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिटची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेतलं तुमचं खातं उघडून कुठले क्रेडिट जमा झालेत ते बघा. हे क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य राहतात. दुसऱ्या संस्थेत गेलात तर त्यातले किती धरायचे, हे ती संस्था ठरवते, त्यामुळे आधीचा प्रवेश रद्द करण्यापूर्वी नव्या संस्थेकडून ते लेखी घ्या.

आणखी एक वाट एप्रिल २०२२ पासून खुली आहे: एकाच वेळी दोन पूर्ण पदव्या. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात करता येतात, वेळा एकमेकांवर येत नसतील तर. किंवा एक वर्गात आणि दुसरी दूरशिक्षणाने वा ऑनलाइन, पण ते शिक्षण आयोगाची मान्यता असलेल्या संस्थेचंच हवं. कर्वे रस्त्यावरच्या कॉलेजातून वाघोलीच्या कॉलेजात रोज दुपारी पोचायचं, असा बेत मी कुणालाच सुचवणार नाही. पण मुक्त विद्यापीठातून इतिहासाची किंवा अर्थशास्त्राची दुसरी पदवी घरी बसून, शनिवार-रविवारच्या अभ्यासावर पुरी करता येते.

ज्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं आहे, त्यांनी पहिल्या सहा सेमिस्टरचे गुण ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नयेत, ही त्याची अट आहे. दुसऱ्या विषयामुळे गुण सतत घसरत असतील, तर तो डबल मेजरवरून मायनरवर आणता येतो का, हे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा. तिसऱ्या वर्षी विचारलंत तर गुण भरून काढायला सेमिस्टर उरलेली नसतात.