मंडळी गायली पाहिजे: सोलापुरातल्या नव्या उपासना-गायकांसाठी

चर्चमध्ये गाणं चालवणाऱ्याचं काम म्हणजे मंडळीकडून गाऊन घेणं. तुमचा गळा कितीही गोड असो, मागच्या बाकावरच्या मावशी ओठ मिटून बसल्या असतील तर त्या रविवारचं काम झालेलं नाही. नवी मुलंमुली बहुतेकदा अडतात ती पट्टीपाशी, म्हणजे सा कुठे धरायचा तिथे. स्वतःला शोभेल ती पट्टी धरतात आणि दुसऱ्या कडव्याला निम्मं चर्च गप्प होतं.

पट्टी ठरवताना आधी गाण्यातला सर्वांत वरचा स्वर शोधा. हार्मोनियमवर तो वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पुढे जाऊ देऊ नका. वरचा स्वर तार षड्ज असेल तर सा पांढरी दोन धरा, तार रिषभ असेल तर पांढरी एक, तार गंधार असेल तर खालची काळी पाच. सकाळी लवकरच्या भक्तीला अर्धा स्वर आणखी उतरवा, कारण गळे उघडलेले नसतात. काळी चारमध्ये एखादी मुलगी एकटी सुंदर गाते, पण तिथे पुरुषांना वरही जाता येत नाही आणि खालीही. तिचं एकटीचं गीत वेगळं ठेवा, मंडळीचं वेगळं.

दुसरी अडचण लयीची. उंच छताच्या जुन्या इमारतीत आवाज घुमून उशिरा परत येतो, मंडळी त्या घुमणाऱ्या आवाजाला धरून गाते आणि प्रत्येक कडव्याला गाणं जड होत जातं. हातवारे वाढवून किंवा माइकमध्ये जोरात ओरडून ते सुधारत नाही. क्वायरने ओळीच्या शेवटचा स्वर थोडा आधी सोडावा, ढोलकीने समेवर स्पष्ट थाप द्यावी आणि तुम्ही पुढच्या ओळीचे पहिले दोन शब्द आधीची ओळ संपता संपता बोलून द्यावेत. पुस्तक न आणलेल्यांना त्याचाच आधार होतो.

‘उपासना संगीत’ या आपल्या मराठी गीतपुस्तकामध्ये पाश्चात्त्य चालीही आहेत आणि देशी चालीही. दोन्ही एकाच पद्धतीने वाजवता येत नाहीत. पाश्चात्त्य चालीत ओळीच्या शेवटी स्वर लांबवायला आणि श्वास घ्यायला जागा असते. तबलजीला ती आधी सांगून ठेवली नाही तर त्याचा दादरा पुढे निघून जातो. ना. वा. टिळकांच्या (1861–1919) अभंग-पदांना उलट भजनी ठेका किंवा केरवा हवा, आणि ध्रुवपदाकडे, म्हणजे मुखड्याकडे, परत यायची सवय हवी. ही पदं कीबोर्डच्या तयार तालावर बसवू नयेत असं आमचं ठाम मत आहे. शब्दांचं वजन त्यात हरवतं.

सोलापूरच्या मंडळीत मराठीच्या शेजारी तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं बसलेली असतात. महिन्यातून एकदा तरी त्यांच्या भाषेतला एखादा कोरस घ्या. शब्द देवनागरीत लिहून पडद्यावर दाखवा, पण लिहिण्याआधी त्या घरातल्या कुणाकडून तरी म्हणून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकला की काही ठिकाणी अर्थच बदलतो, आणि ऐकणाऱ्याला ते लागतं.

आठवड्याचा क्रम साधारण असा ठेवा. बुधवारपर्यंत पाळकसाहेबांकडून शास्त्रभाग (बायबलमधला उतारा) आणि उपदेशाचा विषय घ्या. गुरुवारी गाणी ठरवा. पाच पुरतात: आरंभाचं स्तुतिगीत, पापांगीकारानंतरचं, उपदेशाआधीचं, अर्पणाचं आणि शेवटचं. प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) असेल तर दोन जास्तीची तयार ठेवा, कारण रांग किती लांबेल ते सांगता येत नाही. शनिवारी तालीम. नवं गाणं महिन्यात एकच. पहिले दोन रविवार क्वायरने भक्तीआधी ते नुसतं ऐकवावं, तिसऱ्या रविवारी मंडळीला द्यावं.

गळ्याबद्दल इथली एक खास गोष्ट. यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना दिवसभर खडखडाटावर ओरडून बोलावं लागतं, शिवाय कापसाची धूळ. शनिवारी पाळी सुटल्यावर थेट तालमीला उभं राहिलं की घसा बसतो. आधी अर्धा तास अजिबात बोलू नका, कोमट पाणी प्या, वाफ घ्या, मग खर्जापासून सुरुवात करा. गाण्याआधी दोन-तीन तास तेलकट, तिखट शेंगाचटणी टाळा. आंबट पाणी वर आलं की वरचे स्वर फाटतात.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. कोरड्या हवेत तबल्याचं कातडं ताणतं आणि सूर चढतो; हार्मोनियमचा सूर फारसा हलत नाही. म्हणून तबला अर्धा तास आधी आत आणून ठेवा आणि मगच लावा. वीज गेली तरी चालेल अशी दोन गाणी नुसत्या हार्मोनियमवर बसवलेली असू द्या. माइक ओठांपासून दोन बोटांवर धरा. स्पीकर कधीही तुमच्या पाठीमागे नको, शिट्टी तिथूनच सुरू होते.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बहुतेक मंडळ्यांत ही सेवा बिनपगारी असते. बाहेरच्या मेळाव्याला प्रवासखर्च आणि ऐच्छिक दान मिळतं, तेही आधी बोलून घेतलेलं बरं. उपजीविकेसाठी दुसरं काहीतरी हातात हवं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत देत गेलात तर गाण्याच्या शिकवण्या घेताना, शाळेत संगीत शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करताना त्यांचा उपयोग होतो. बायबलचा अभ्यासही करायचा असेल तर पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे.

रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकण्याआधी हक्क तपासा. खऱ्या धार्मिक विधीत गाणं सादर करण्याला 1957च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. रेकॉर्ड करून प्रसिद्ध करण्याला ती लागू होईल असं समजू नका. कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी शब्द मोकळे होतात, म्हणजे टिळकांची पदं मोकळी आहेत. चाल नंतर कुणी बांधली असेल तर तिचा हक्क वेगळा.

अंत्यविधीला बोलावणं अचानक येतं. पाच गीतं तोंडपाठ ठेवा, कारण तिथे पुस्तक उघडायला वेळ नसतो आणि वाद्यही नसतं. वाद्याविना सुरू केलेलं गाणं हमखास उंच लागतं. मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर खालची काळी पाच ऐका, मनात धरा आणि मगच पहिला शब्द काढा. घरच्यांचा आवाज मध्येच तुटला तर क्वायरमधल्या दोघांनी ओळ चालू ठेवायची, हे दाराबाहेरच ठरवून आत जा.