युद्धाच्या वार्तांकनावर विकिपीडिया लेख लिहिताना

जळगाव-धुळ्याकडच्या वाचनालयांत जुन्या फायली चाळायला बसलात, तर आधी तारखेचा घोळ टाळा. ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती 16 डिसेंबर 1971 ला, दुपारी साडेचारच्या सुमारास झाली; म्हणजे सकाळच्या दैनिकात ती 17 तारखेला सापडणार. संदर्भात अंकाची तारीख द्या, घटनेची नव्हे. सोबत पान आणि आवृत्तीही लिहा, कारण मुंबई आवृत्तीतलं पान 1 जिल्ह्याच्या आवृत्तीत पान 3 असू शकतं, आणि मग पडताळणारा उगाच हेलपाटे घालतो.

बातमीवर ‘पीटीआय’ (अनेक दैनिकांना बातम्या पुरवणारी वृत्तसंस्था) आहे का पाहा. तीच बातमी पाच दैनिकांत छापून आली तरी स्रोत एकच. इथेच बहुतेक जण फसतात.

खरी मेख पुढे आहे. कात्रणावरून ‘अमुक दैनिकाने असा मथळा दिला’ एवढंच लिहिता येतं. ‘वार्तांकन एकतर्फी होतं’ हा निष्कर्ष स्वतः काढलात तर ते ‘मूळ संशोधन’ (स्रोतात नसलेला, लेखकाचा स्वतःचा निष्कर्ष) ठरतं, जे विकिपीडियावर चालत नाही, आणि वाक्य उडतं. त्याला अभ्यासकाचं पुस्तक किंवा शोधनिबंधच हवा. हानीचे आकडे ‘लष्करी प्रवक्त्यानुसार’ असे, सांगणाऱ्याच्या नावावरच टाका. ऑनलाइन दुव्याची वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवून ठेवणारं संकेतस्थळ) प्रत लगेच जतन करा. वृत्तपत्रांचे जुने दुवे फार लवकर मरतात.